मागून हाक मारायची नाही

सातला दोनने भागलं की बाकी एक उरते. हे गणित तिसरीतल्या पोरालाही येतं. पण ती बाकी आपण स्वतः असलो की कसं वाटतं, ते गणिताच्या पुस्तकात कुठेच दिलेलं नसतं.

फिजिओथेरपीच्या मास्टर्सच्या वर्गात त्या वर्षी सात जण होते. या विद्येची पुस्तकं खंडीभर आहेत, पण खरा अभ्यास एकमेकांच्या अंगावर करायचा असतो. तू माझा खांदा फिरवून बघ, मी तुझा गुडघा तपासतो, मग अदलाबदल. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "चला, जोड्या करा," आणि पोरं अशी पटापट जुळली, जणू घरूनच ठरवून आली होती. तीन जोड्या झाल्या आणि हॉलच्या मधोमध ती एकटी उभी राहिली. तिचं वय चौतीस, बाकीचे सगळे तेवीस-चोवीसचे. वर्गातला एक जाड भिंगांचा मुलगा, ज्याला सगळे चष्मिश म्हणत, तो सहज बोलून गेला, "मॅडम, बाकी एक!" हशा पिकला. तीही हसली. न हसून करते काय? त्या दिवसापासून पाठीमागे तिचं नाव 'बाकी' पडलं. तोंडावर मात्र सगळे तिला ताई म्हणायचे, आणि ताई म्हटलं की झालं, ताईला कोणी जोडीला घेत नाही.

मॅडम म्हणाल्या, "कुठल्याही जोडीत तिसरी हो." ती झाली. पण तिघांत काय होतं ते सांगायला नको. दोघं हात चालवतात आणि तिसऱ्याला टेबलावर झोपावं लागतं. तिची पाळी येईपर्यंत तास संपायचा. पुढे पुढे तर विचारायचीही गरज उरली नाही. मॅडमना काही करून दाखवायचं असलं की त्या नुसत्या तिच्याकडे बघायच्या, आणि ही चप्पल काढून टेबलावर आडवी. सगळा वर्ग भोवती गोळा व्हायचा. मॅडम तिचा खांदा हातात घेऊन सांगायच्या, इथे बोटं ठेवा, इथे अंगठा, आता हळूच उचला. मग एकेक जण येऊन तिचा खांदा उचलायचा. डोळे मिटूनही तिला कळायचं, हा चष्मिशचा हात, नेहमी गार. हा त्या उंच मुलीचा, घाई फार. हा मॅडमचा, न बोलता सांगणारा.

आणि आता लपवायचं कशाला, तिला ते आवडायचं. दिवसभरात तिला माणसाचा हात लागायचा तो तेवढाच. 'मी झोपते, तुम्ही करा' असं ती आपण होऊन म्हणायची, आणि पोरांना वाटायचं, ताई किती चांगल्या! ताई चांगल्या होत्याच, पण त्या एकट्याही होत्या, आणि या दोन गोष्टींची लोक नेहमीच गल्लत करतात.

तिची खोली एका घराच्या गच्चीवर होती. एक खाट, एक टेबल, एक खिडकी, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ. खाली घरमालकीण राहायची, ती जिन्यात भेटली की एकच प्रश्न, "पाणी आलं होतं का?" आलं असलं तर हो, नसलं तर नाही. कधी कधी दिवसभरातलं तिचं घरातलं बोलणं तेवढंच असायचं. आईवडील गेलेले. दादा आणि वहिनी दुसऱ्या गावी. दर रविवारी दादाचा फोन यायचा. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे विचारायला एकच गोष्ट होती. "मग? संपतंय का शिक्षण?" मागून वहिनीचा आवाज यायचा, "विचार, सुट्टीत येणार का म्हणून," आणि हिला कळायचं की वहिनीला नाही असं उत्तर हवंय. "नाही गं वहिनी, ड्युटी आहे," ही म्हणायची. ड्युटी नसली तरी.

मास्टर्सच्या आधी दहा वर्षं तिने एका छोट्या दवाखान्यात काढली होती. तिथे काम काय, तर शेक द्यायचा, मशीनच्या तारा लावायच्या, घंटा वाजली की काढायच्या. माणसाला हात लावायची वेळच यायची नाही. दुखणं घेऊन आलेले लोक तारा लावून पेपर वाचत बसायचे आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. एके दिवशी तिला वाटलं, आपण पण एक मशीनच झालोय की काय. दुसऱ्याच आठवड्यात तिने प्रवेशाचा अर्ज भरला. दादा म्हणाला, "या वयात?" ती म्हणाली, "हो, याच वयात." तेवढं एक उत्तर तिने आयुष्यात ताडकन दिलं होतं, आणि त्याचा तिला अजून अभिमान होता.

पण हात तर शिकायचे राहिलेच होते. पहिल्या वर्षी टेबलावर झोपून झोपून तिला सगळं कळायला लागलं होतं, पण खालून. वरून नाही. दुसऱ्या वर्षी हॉस्पिटलमध्ये खरे रुग्ण आले, कोणाची डावी बाजू गेलेली, कोणाचं मांडीचं हाड मोडलेलं, तेव्हा तिची एक खोड उघडी पडली. ती माणसाला धरायची आणि सोडायचीच नाही.

आता धरणं हे या धंद्यात वाईट नाही. रुग्णाच्या कमरेला पट्टा बांधतात, त्याच्या अधू बाजूला अर्धं पाऊल मागे उभं राहतात, एक हात पट्ट्यावर ठेवतात. पण हळूहळू हात हलका करायचा असतो. मुठीचा पंजा, पंजाची बोटं, बोटांचा नुसता भास, आणि शेवटी काहीच नाही. आई पोराला सायकल शिकवते आणि मागची सीट कधी सोडून देते ते पोराला कळत नाही ना, तसं. हिचा हात मात्र पहिल्या दिवशी जसा घट्ट, तसाच महिन्यानंतरही. लोकांना ती आवडायची. आज्या तर तिच्याशिवाय उठायच्या नाहीत. आणि तिथेच तर सगळी गोम होती.

मॅडमच्या चपलांचा आवाज होत नसे, त्यामुळे त्या कुठूनही उगवायच्या. एकदा अशाच मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, त्या बाई चालतायत की तू त्यांना चालवतेयस?"

"पडतील म्हणून, मॅडम."

"पडणार नाहीत. पडायला लागल्या तर धर. आधीच कशाला धरून बसतेस?"

ती बरं म्हणाली. आणि मॅडम वळल्यावर मूठ पुन्हा घट्ट केली.

मॅडमचे नियम मोजकेच होते, पण दगडावरची रेघ. त्यातला एक असा, की चालणाऱ्या रुग्णाला मागून हाक मारायची नाही. "शुभ-अशुभाचा प्रश्न नाही," त्या सांगायच्या. "तोलाचा आहे. मेंदूला मार बसलेला माणूस एका वेळी एकच काम करतो. चालतोय ना, मग चालू दे. तुम्ही मागून हाक मारलीत की तो वळून बघणार, वळला की तोल जाणार, आणि मग तुमचं प्रेम त्याच्या कमरेचं हाड मोडणार. काय सांगायचं ते पुढे जाऊन, त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहून सांगा."

शेवटच्या परीक्षेत ती नापास झाली. लेखी उत्तम, तोंडी उत्तम, प्रात्यक्षिकात आडवी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका बाईंना चालवायचं होतं. बाई टुणटुणीत होत्या, तरी हिने कोपर सोडलं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागदावर दोन शब्द लिहिले आणि मान वर केली नाही. बाकीचे सहा जण पास झाले आणि सगळे मिळून कुठेतरी जेवायला गेले. "ताई, चला ना," चष्मिश म्हणाला, पण अशा आवाजात, की ताईंनी नाहीच म्हणायचं होतं. तो खरं तर मनापासून म्हणत असेल. तिला मात्र तसं ऐकू आलं. ती खोलीवर आली, कुकर लावला आणि कुकरच्या शिट्टीबरोबर हमसून हमसून रडली.

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती, आणि ती शेवटची. त्यात गेली तर प्रवेशच रद्द, मग पुन्हा तो दवाखाना, त्या तारा, ते घड्याळ. मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "आपला रुग्ण आपण आणायचा. आतापासून एक माणूस घे आणि त्याला उभा कर. आणि नीट ऐक. परीक्षा त्याच्या पायांची नाही, तुझ्या हातांची आहे."

तिच्या वाट्याला आला तो कंडक्टर.

उभं आयुष्य बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस. लकव्याने डावा हात आणि डावा पाय लुळा पडलेला, तोंड मात्र शाबूत, आणि ते अखंड चालू. पहिल्या दिवशी तिने त्याला "आजोबा, उठा," म्हटलं तर तो भडकलाच. "आजोबा कोणाला म्हणता? काका म्हणा. आजोबा झालो असतो तर घरी नातवंडं नसती का?" बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पुतण्याकडे राहायचा. पुतण्या सकाळी कामाला जाता जाता त्याला हॉस्पिटलच्या दारात सोडायचा आणि दुपारी घेऊन जायचा. "माणसं चांगली आहेत हो," कंडक्टर म्हणायचा. "पोटभर जेवायला घालतात. पण बोलायचं कोणाशी? सगळे मोबाइलमध्ये. मी बोलायला लागलो की टीव्हीचा आवाज वाढवतात."

हिला तो 'डॉक्टरीणबाई' म्हणायचा, चिडवायला. आणि कधी लहर आली की 'ड्रायव्हर'.

"डॉक्टरीणबाई, तुम्हाला सांगतो, चालत्या बसमध्ये मी कधी दांडी धरली नाही. वळण असो, खड्डा असो, दोन्ही हात तिकिटात. लोक म्हणायचे, कंडक्टरसाहेब, पडाल! मी म्हणायचो, पडायला वेळ कुठाय? आणि आता बघा. जमीन जागच्या जागी आहे, आणि मी दांडी सोडत नाही."

"सोडाल, काका."

"तुम्ही सोडाल तेव्हा ना!"

हे तो हसत म्हणाला, आणि तिने पट्ट्यावरची मूठ आणखी आवळली.

महिन्यामागून महिने गेले. आधी दोन दांड्यांच्या मध्ये, मग वॉकर, मग काठी. काठी उजव्या हातात, डाव्या बाजूला ती, अर्धं पाऊल मागे, हात पट्ट्यावर. हॉस्पिटलचा लांब व्हरांडा, त्याच्या टोकाला खिडकी. खिडकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. त्या फेऱ्यांत कंडक्टरने तिला सगळी बस फिरवून आणली. कोणत्या बाईने चालत्या गाडीत बाळाला जन्म दिला, कोणता साहेब रोज सुट्टे नाहीत म्हणून खोटं बोलायचा. ती हसायची. तिने किती वर्षांनी हसायला सुरुवात केली होती, हे तिचं तिलाच आठवेना. सकाळी खोलीचं कुलूप लावताना तिला पहिल्यांदाच वाटायला लागलं, की चला, आपली कोणीतरी वाट बघतंय.

एकदा तिने विचारलं, "काका, रोजचे प्रवासी असतील ना तुमचे? ते उतरून गेल्यावर वाईट नाही वाटायचं?"

"उतरणाऱ्याकडे बघायचंच नाही," तो म्हणाला. "दोनदा घंटा मारायची आणि पुढे बघायचं. त्याच्याकडे बघत बसलो तर पुढच्या स्टॉपवरच्यांनी काय करायचं?"

परीक्षेला थोडे दिवस उरले असताना ती तापाने आडवी पडली. दोन दिवस खोलीतच. घरमालकीणबाईंनी जिन्यातून विचारलं, "पाणी आलं होतं का?" आणि हिने आतूनच हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेली, तर चष्मिश डबा खाता खाता म्हणाला, "ताई, तुमचे कंडक्टर काका काय टकाटक चालतात हो!" तो आता पास होऊन तिथेच नोकरीला लागला होता, आणि तिच्या गैरहजेरीत त्याने काकांना घेतलं होतं. "मी पट्टासुद्धा लावला नाही. पार गेटपर्यंत एकटे गेले. वॉचमनशी भांडून आले. तुम्ही मस्त तयार केलंय त्यांना."

तिने हातातला घास डब्यात परत ठेवला. कारण अर्ध्याच तासापूर्वी तेच काका तिच्या हाताखाली लटपटत चालले होते. "सोडू नका हं, डॉक्टरीणबाई," असंही म्हणाले होते.

दुपारी तिने त्याला बाकावर बसवलं आणि समोर उभी राहिली. "काका, तुम्हाला चालता येतं."

कंडक्टर आधी खिडकीबाहेर बघायला लागला. मग काठीच्या मुठीकडे. "कोणी चहाडी केली? त्या भिंगवाल्याने?"

"माझ्यासमोर नाटक का केलंत?"

"मग काय करू?" तो एकदम चिडून म्हणाला. "चालता येतं म्हटलं की तुम्ही काय करणार? कागदावर लिहिणार, बरे झाले. म्हणजे शेवटचा स्टॉप. उतरा. मग उद्यापासून मी जाऊ कुठे? त्या टीव्हीसमोर?"

हा माणूस तिच्याच मनातलं बोलत होता.

मग तो जरा नरमला. "आणि खरं सांगू का, पोरी? राग मानू नकोस. हात माझा नाही थरथरत, तुझा थरथरतो. मला पट्ट्यातून कळतं. पहिले काही दिवस मला तुझा आधार होता, ते खरं. पण गेले कित्येक दिवस तूच मला धरून चाललीयस. मी म्हटलं, राहू दे बिचारीला धरून. माझं काय जातंय?"

त्यापेक्षा कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती तिथून निघाली आणि साठवणीच्या खोलीत जाऊन वॉकरच्या ढिगाआड उभी राहिली. लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बरंही वाटलं. कोणाला तरी कळलं होतं. तिला खालून हात ओळखता यायचे ना? आज कोणीतरी तिचा हात ओळखला होता.

बाहेर आली तेव्हा कंडक्टर तसाच बसलेला. "परीक्षा कधी आहे तुझी?"

"सोमवारी."

"नापास झालीस तर काय?"

तिने दवाखान्याचं, तारांचं, घड्याळाचं सगळं सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "असं करू, मी सोमवारी चालतो आणि मंगळवारी पुन्हा आजारी पडतो. कसं?"

"असं नसतं काका. तुम्ही एकटे चाललात की तुमचं नाव काढणार इथून."

"हं." तो काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत बसला. त्याला गप्प बसलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. मग त्याने काठी जमिनीवर दोनदा आपटली, टक्‌ टक्‌. "ही डबल बेल. बसमध्ये घंटा कोण मारतो? ड्रायव्हर नाही, कंडक्टर. गाडी कधी सोडायची ते मी सांगणार. मी घंटा मारली की तुम्ही हात काढायचा. नियम म्हणजे नियम."

सोमवारी व्हरांडा पुसून लख्ख केला होता. बाहेरचे परीक्षक तेच, गेल्या वेळचे. पेनाचं टोपण दातांत धरायची त्यांना सवय. मॅडम भिंतीला टेकून उभ्या, चेहऱ्यावर काहीच नाही. कंडक्टर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, दाढी करून, जणू पहिल्या पाळीची ड्युटी आहे.

तिने पट्टा बांधला, डाव्या बाजूला गेली, हात ठेवला. चालायला सुरुवात झाली. चार पावलं गेली असतील नसतील, काठी वाजली. टक्‌ टक्‌.

तिने हात काढला नाही.

काढायचा होता हो. पण बोटंच उघडेनात. तिला उद्याची सकाळ दिसत होती, कुलूप लावताना कोणीच वाट बघत नसलेली. परीक्षकांनी तोंडातलं टोपण काढून कागदाकडे मान वळवली. कंडक्टरने पुन्हा काठी आपटली, आता जोरात, टक्‌ टक्‌, आणि पुढेच बघत भर व्हरांड्यात ओरडला, "काय ड्रायव्हर, झोपलात काय? प्रवासी खोळंबलेत!"

परीक्षक हसले. आणि त्या हसण्यात तिची मूठ सुटली.

कंडक्टर निघाला. काठी, डावा पाय, उजवा पाय. डावा पाय जरा ओढत, पण निघाला. ती अर्धं पाऊल मागे, दोन्ही हात मोकळे. खिडकी आली. वळायचं होतं, आणि या दुखण्यात वळणच सगळ्यात वाईट. वळताना त्याचा डावा गुडघा खचला. तिचा हात झेपावला आणि त्याच्या पाठीपाशी, शर्टाला लागेल न लागेल असा थांबला. धरायचा नाही. पडायला लागले तरच. तिने श्वास धरला, हात नाही धरला. कंडक्टरने काठी रोवली, गुडघा ताठ केला, "खड्डा होता जरा," असं पुटपुटला, आणि परत निघाला.

परीक्षकांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तिथे खिडकीपाशी धरलं असतंत ना, तर नापास केलं असतं." मग कंडक्टरला म्हणाले, "काका, छान झालं. आता तुम्हाला रोज इथे यायची गरज नाही."

"बरं," कंडक्टर म्हणाला.

पुतण्या आला. कंडक्टर उठला, काठी घेतली आणि गेटाकडे चालायला लागला, पुतण्या पुढे, हा मागे. ती व्हरांड्यात उभी होती. त्याने वळून बघितलं नाही. कसा बघेल? त्याच्या बसमधून आता ती उतरली होती, आणि उतरणाऱ्याकडे बघायचंच नसतं. तिच्या ओठांवर 'काका' आलं होतं, ते तिने गिळलं. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि काढून घेतला. हात कधी काढला ते तिला कळलंसुद्धा नाही.

रविवारी दादाचा फोन आला. ती म्हणाली, "पास झाले." तो म्हणाला, "अरे वा! सुटलीस एकदाची. मग आता?" मागून वहिनी म्हणाली, "अभिनंदन सांग," आणि तेवढं मात्र अगदी मनापासूनचं वाटलं. त्याच हॉस्पिटलमध्ये तिला नोकरी लागली. नव्या वर्गात आठ जण आले. पहिल्या दिवशी मॅडमनी जोड्या करायला सांगितल्या, तेव्हा ती दारात उभी होती. चार जोड्या झाल्या. कोणी उरलं नाही, टेबलावर झोपायला कोणी लागलं नाही. तिला पोरांसाठी आनंद झाला, आणि स्वतःसाठी नाही झाला. रुग्ण तिच्या हाताखाली भराभर चालायला लागले. मॅडम दुसऱ्यांना सांगायच्या, हिचे हात बघा, कधी आहेत आणि कधी नाहीत ते कळत नाही. माणसं बरी व्हायची आणि जायची. चांगलं काम केलं की माणूस निघून जायचा, असा तो धंदा.

मग एका संध्याकाळी, दूध आणायला ती बाजारातून चालली असताना, पुढे गर्दीत तिला ती चाल दिसली. चेहरा बघायची गरजच नव्हती. काठी, डावा पाय, उजवा पाय, डावा जरा ओढत. कंडक्टर एकटा होता. डाव्या हातात भाजीची पिशवी, त्या हातात! तिने कधी परवानगी दिली नसती. पिशवीतून मेथीची पानं बाहेर लोंबत होती.

तिला आनंदाची उकळी फुटली. तिने हात वर केला, तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं.

मागून हाक मारायची नाही.

पुढे जाऊन समोर उभं राहायचं, हे तिला माहीत होतं. चार मोठ्या ढांगा टाकल्या असत्या तर झालं असतं. पण समोर उभी राहिली की तो थांबणार, बोलायला लागणार, आणि त्याचं बोलणं सुरू झालं की मग ती त्याला सोडणार कशी? ती त्याचं कोपर धरणार, पिशवी घेणार, घरापर्यंत नेणार, उद्या पुन्हा येते म्हणणार. स्वतःला ती आता चांगलं ओळखत होती. म्हणून ती आपली डाव्या बाजूला गेली, अर्धं पाऊल मागे नाही, चांगलं अंतर ठेवून, आणि चालत राहिली.

एक मोटारसायकल हॉर्न मारत अंगावरून गेली. कंडक्टर थांबला, मोटारसायकलवाल्याला शिवी हासडली, पुन्हा निघाला. ती थांबली, पुन्हा निघाली. फुटपाथच्या तुटक्या कडेशी त्याने आधी काठी खाली टेकवली, मग अधू पाय, मग चांगला, अगदी तिने शिकवलं तसं. एका जुन्या दुकानदाराने "काय कंडक्टरसाहेब!" म्हटलं, समोरून, आणि याने काठी वर करून उत्तर दिलं. आपल्यामागे कोणी आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

गल्लीच्या टोकाला घर होतं. तीन पायऱ्या. तो चढला. दारापाशी पिशवी खाली ठेवून डाव्या हाताने किल्ली काढायला लागला. बोटं वळेनात. किल्ली पडली. त्याने वाकून, काठीला धरून, हळूहळू ती उचलली. कोपऱ्यावर उभी राहून तिने दातांखाली ओठ दाबून धरला होता. दाराचं लॅच उघडलं. आतून टीव्हीचा आवाज आला. तो आत गेला आणि दार लागलं.

तेव्हा तिला कळलं की आपला उजवा हात अजून पुढेच आहे, कमरेच्या उंचीवर, बोटं उघडी, कोणालाही न लागता. बाजारापासून तो तसाच होता. येणारे-जाणारे बघून गेले असतील. तिने तो खाली घेतला, दुसऱ्या हातात धरला, आणि दुकान बंद व्हायच्या आत दूध आणायला परत फिरली.